महासागरावरचं युद्ध वर्गात शिकवताना

हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. 2024 मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा पॅसिफिक भाग पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आला. आधी तो शिकवणारे सर निवृत्त झाले आणि जाताना एक पेन ड्राइव्ह हातात ठेवून गेले. त्यात स्लाइड ढीगभर होत्या. पण सहलीचे अर्ज कधी भरायचे, बस कोण देतं, पालकाचा फोन आला तर काय सांगायचं, यातलं काहीच नव्हतं. ते सगळं मी चाचपडत केलं. आपल्याकडच्या बऱ्याच जणी हल्ली इकडे शिकवायला येतात. त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला हा विषय आला तर निदान अंदाज असावा, म्हणून सविस्तर लिहिते.

जूनमध्ये सुट्टी लागली तेव्हा माझी पाटी बऱ्यापैकी कोरी होती. महाराष्ट्रात शाळेत असताना महायुद्ध म्हणजे हिटलर, आझाद हिंद सेना आणि शेवटी हिरोशिमा, एवढंच डोक्यात राहिलेलं. पर्ल हार्बर दोन ओळींत उरकलं होतं. आता तेच बंदर शाळेपासून बसने अर्ध्या तासावर, आणि वर्गातली मुलं कोणाकोणाची? जपानी, ओकिनावाची, फिलिपिनो, कोरियन, मूळची हवाईयन, ग्वाम आणि मार्शल बेटांवरून आलेली. लढायांच्या तारखा पाठ करता येतात. पण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात या युद्धाची वेगळी गोष्ट असणार आणि ती मला माहीत नसणार, याचं खरं दडपण होतं.

सुट्टीतला पहिला प्रश्न, सुरुवात कुठून करायची? सगळ्या तयार पाठयोजना 7 डिसेंबर 1941 पासून सुरू होतात. रविवारची सकाळ, आठच्या सुमाराची विमानं, बुडालेली जहाजं. तशी सुरुवात केली की मुलं लगेच खिळतात, पण जपानने हे का केलं याचं उत्तर मग ‘ते दुष्ट होते’ एवढंच उरतं. मी जुलै 1937 पासून, म्हणजे जपानने चीनमध्ये उघड युद्ध छेडलं तिथून सुरुवात करायची ठरवली, आणि मग तेलावर यायचं. जपान 80 टक्क्यांच्या आसपास तेल अमेरिकेकडून घेत होता. 1941 च्या जुलैत जपानी सैन्य इंडोचायनाच्या दक्षिण भागात शिरलं, अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल थांबलं. आता चीनमधून माघार घ्यायची, नाहीतर डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, तेलविहिरी ताब्यात घ्यायच्या. आणि त्या घ्यायच्या तर वाटेत येणारं अमेरिकेचं आरमार आधी पंगू करायचं. एवढं समजलं की पर्ल हार्बर आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली आणि कागदपत्रांचा सिलसिला सुरू झाला. सहलीसाठी आधी मुख्याध्यापकांची मंजुरी, मग पालकांचं संमतिपत्र, आरोग्याची माहिती, आणि सोबत येणाऱ्या मोठ्या माणसांची यादी. मी अर्ज ऑगस्टच्या अखेरीस दिला आणि मंजुरी यायला जवळपास तीन आठवडे लागले. मधल्या काळात आठवण करून द्यायला संकोचू नका. कागद कुणाच्या तरी टेबलावर नुसता पडलेला असतो.

खर्च जवळजवळ सगळा बसचा. यूएसएस ॲरिझोना मेमोरिअलचं, म्हणजे हल्ल्यात बुडालेल्या युद्धनौकेच्या स्मारकाचं, तिकीट फुकट आहे, आरक्षणाचा तिकिटामागे एक डॉलर पडतो. दोन बस मात्र हजार डॉलरच्या पुढे गेल्या. शाळेने काही भाग उचलला, उरलेला पालक संघटनेने दिला. ज्या कंपनीशी आधी बोलणं झालं होतं तिने ऐनवेळी एकच बस देऊ म्हणून हात वर केले. दुसरी शोधण्यात एक आठवडा गेला. तोंडी होकारावर विसंबू नका, ईमेलवर घ्या.

तिकिटं आठ आठवडे आधी, हवाईच्या वेळेनुसार दुपारी तीन वाजता खुली होतात. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याची तारीख हवी असेल तर सप्टेंबरच्या मध्याला तयार राहायला हवं. शाळेचा गट मोठा असेल तर आधी मेमोरिअलच्या शिक्षण विभागाशी बोलून घेतलेलं बरं. 7 डिसेंबरच्या आसपासची तारीख मी मुद्दाम टाळली. त्या आठवड्यात समारंभ असतात, पाहुणे असतात, आणि मुलांना तिथे शांतपणे उभं राहायला जागा मिळत नाही.

याच सुमारास पालकांना एक वेगळं पत्र गेलं. वादग्रस्त किंवा त्रासदायक वाटू शकेल असं काही शिकवायचं असेल तर आधी कळवावं लागतं, आणि पालकांना आपल्या मुलाला त्या तासापुरतं बाजूला ठेवता येतं. अणुबाँबची छायाचित्रं दाखवणार असल्याचं मी स्पष्ट लिहिलं. दोन फोन आले. एका आईला छायाचित्रांचं काहीच नव्हतं. तिने विचारलं, “माझ्या मुलाचं आडनाव जपानी आहे. त्या आठवड्यात त्याला कुणी काही बोललं तर?” मी तिला सांगितलं की पर्ल हार्बर शिकवायच्या आधीच त्या काळच्या जपानी-अमेरिकनांचं काय झालं ते शिकवणार आहे. हे मी तिच्याशी बोलता बोलता ठरवलं. फोन ठेवला आणि योजनेतले आठवडे पुढेमागे केले.

ऑक्टोबरच्या शेवटी प्रत्यक्ष शिकवायला सुरुवात केली. पहिला तास नकाशाचा. वर्गातल्या जगाच्या नकाशात अमेरिका मधोमध आणि पॅसिफिक दोन तुकड्यांत कापलेला. तो उतरवून पॅसिफिक मध्यभागी असलेला लावला. मुलांनी दोऱ्याने अंतरं मोजली. होनोलुलू ते टोकियो साधारण 6,200 किलोमीटर, होनोलुलू ते मनिला 8,500 च्या आसपास. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हा एकटा महासागर व्यापतो. मग प्रश्न टाकला, सैनिकाला रोज जेवण, पाणी, गोळ्या आणि विमानाला पेट्रोल लागतं, तर ते एवढ्या लांब कसं पोचवाल? चिमुकल्या प्रवाळबेटांसाठी एवढी माणसं का मेली, हे तिथून पुढे फारसं समजावावं लागलं नाही. धावपट्टीपुरती सपाट जमीन, एवढीच त्या बेटाची किंमत. नोव्हेंबर 1943 मध्ये तारावा नावाच्या अशाच प्रवाळबेटासाठी तीन दिवसांत हजाराहून जास्त अमेरिकन मेले. बेटावरच्या साडेचार हजारांहून अधिक जपानी सैनिक आणि कोरियन मजुरांपैकी जेमतेम दीडशे जिवंत सापडले.

दुसरा तास घड्याळाचा, आणि हा माझा सगळ्यात आवडता. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: मलायात कोटा भारूला जपानी सैन्य उतरलं, 8 डिसेंबर. पर्ल हार्बरवर हल्ला, 7 डिसेंबर. आधी काय झालं? सगळा वर्ग एका सुरात पर्ल हार्बर म्हणाला. मग तारीखरेषा आणि वेळेचे फरक लावून गणित करायला सांगितलं. कोटा भारू तासाभराहून आधी निघतं. एक सूचना, हे गणित आजच्या वेळेने करू नका. तेव्हा हवाईची वेळ ग्रीनिचच्या साडेदहा तास मागे होती, आज दहा तास आहे. एका मुलाने हे शोधून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्याला दोन गुण जास्त दिले. ग्वामच्या मुलीने सांगितलं की त्यांच्याकडेही हल्ल्याची तारीख 8 डिसेंबरच, मेरीमातेच्या सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये होते.

त्याच तासाला कुणीतरी विचारलं, “मिस, तुमचा देश यात कुठे होता?” मी सिंगापूरवर टाचणी लावली. 15 फेब्रुवारी 1942, सिंगापूर जपानच्या हाती पडलं, हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी. त्यातले कित्येक आझाद हिंद सेनेत गेले, आणि जे गेले नाहीत त्यांच्यातल्या हजारोंना जहाजात कोंबून न्यू गिनी, न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेलं. त्यातले फार थोडे परतले. दुसरी टाचणी अंदमानवर, मार्च 1942, तेही जपानने घेतलं. हे सांगताना जाणवलं की न्यू गिनीतल्या त्या कैद्यांबद्दल मीसुद्धा त्याच उन्हाळ्यात पहिल्यांदा वाचलं होतं.

मग गृहपाठ दिला. घरी विचारा, युद्धाची काही आठवण, काही वस्तू आहे का? मूळ वस्तू आणायची नाही, फोटो चालेल. ही अट जरूर घाला. माझ्या मनाला धास्ती होती ती कुणाच्या पणजीचं पत्र बसमध्ये हरवण्याची. तरी एक मुलगा पाकिटातून खरीखुरी नोट घेऊनच आला. एक डॉलरची, पुढे तपकिरी शिक्का, दोन्ही कडांना उभं ‘हवाई’ छापलेलं, आणि मागे त्याच नावाची मोठी पोकळ अक्षरं या टोकापासून त्या टोकापर्यंत. जपानने बेटं जिंकलीच तर हे चलन बाद करता यावं म्हणून 1942 मध्ये सरकारने साध्या नोटा परत मागवल्या आणि या छापल्या. नोट हातोहात फिरली. हल्ल्याच्या दिवशीच इथे लष्करी कायदा लागू झाला आणि तो ऑक्टोबर 1944 पर्यंत उठला नाही. लहान मुलांपर्यंत सगळ्यांचे बोटांचे ठसे, ओळखपत्रं, रात्री काळोख, शाळेत गॅस मास्क. हे सगळं मी स्लाइडवर दाखवणार होते, ते त्या एका नोटेवरून मुलांनी प्रश्न विचारून काढून घेतलं.

जपानी घरांतून आलेल्या उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. आमच्याकडे काही नाही. हल्ल्यानंतर पत्रं, फोटो, किमोनो, जपानशी नातं सांगणारं जे जे होतं ते लोकांनी जाळलं किंवा अंगणात पुरलं. जपानी भाषेच्या शाळा बंद झाल्या. मुख्य भूमीवर फेब्रुवारी 1942 च्या आदेशानंतर सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. हवाईत मात्र लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. त्यांना उचललं असतं तर ऊसमळे, बंदर, बाजार सगळंच ठप्प झालं असतं. म्हणून इथे सुमारे दोन हजारच लोक धरले गेले: पुजारी, शिक्षक, वर्तमानपत्रांचे संपादक. ‘धोका होता म्हणून डांबलं’ हे कारण खरं असेल, तर हल्ला झाला तिथेच सर्वांत कमी लोक का? हा प्रश्न मी वर्गात टाकला आणि गप्प बसले. बाकी काम मुलांनी केलं.

एका फिलिपिनो मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या कागदांचे फोटो आणले. पणजोबा अमेरिकेच्या बाजूने लढलेले. 1946 मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून फिलिपिनो सैनिकांचे बहुतेक लाभ काढून घेतले, आणि 2009 मध्ये एकरकमी भरपाई मंजूर झाली: अमेरिकन नागरिकांना 15,000 डॉलर, बाकीच्यांना 9,000. पिशवीत त्या अर्जाच्या प्रती होत्या. वर्गाने हिशेब केला की 1945 ला वीस वर्षांचा असलेला माणूस 2009 ला किती वर्षांचा.

मार्शल बेटांवरची मुलगी तासभर काहीच बोलली नाही. तास संपल्यावर टेबलाशी आली आणि म्हणाली, “फळ्यावर 1945 ला युद्ध संपलं असं लिहिलंय. आमच्याकडे बाँब तर त्यानंतर पडायला लागले.” मार्शल बेटांतलं क्वाजालीन अमेरिकेने फेब्रुवारी 1944 मध्ये घेतलं होतं. 1946 मध्ये तिथल्याच बिकिनी बेटाच्या लोकांना हलवून अणुचाचण्या सुरू झाल्या आणि 1958 पर्यंत मार्शल बेटांवर एकूण 67 चाचण्या झाल्या. अभ्यासक्रमात हे शीतयुद्धाच्या प्रकरणात, दोन महिन्यांनी, एका ओळीत येतं. मी दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या काळपट्टीला कागद जोडून ती 1958 पर्यंत नेली. विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा तेच कारण दिलं. त्यांनी फक्त वेळेत आटपा म्हणून सांगितलं.

सहल नोव्हेंबरच्या मध्याला झाली. बॅगा आत नेता येत नाहीत, हे संमतिपत्रावर ठळक छापा. तरी पाचसहा जण बॅग घेऊन येतातच, त्या बसमध्ये ठेवल्या. पाण्याची बाटली चालते. सकाळपासून वारा होता, आणि दारातच कळलं की बोटी बंद आहेत. ॲरिझोनावर जायचा रस्ता पाण्यातूनच, त्यामुळे आमचं जाणं रद्द. मुलांचे चेहरे पडले, माझाही पडला असणार. एवढे महिने ज्या गोष्टीसाठी कागद भरले ती समोर दिसतेय आणि जाता येत नाही! पण दोन्ही संग्रहालयं उघडी होती, ती एरवी बोटीच्या घाईत उरकली जातात. ‘रोड टू वॉर’ हे दालन मुलांनी निवांत पाहिलं. मग किनाऱ्यावरून त्या पांढऱ्या वास्तूकडे बघत मी त्यांना आल्फ्रेड प्राइसबद्दल सांगितलं. व्हिएन्नाचा वास्तुविशारद, नाझींपासून पळून होनोलुलूला आलेला. पर्ल हार्बरनंतर त्यालाच ‘शत्रुदेशाचा’ म्हणून सँड आयलंडच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे ॲरिझोनाच्या 1,177 मृतांचं स्मारक त्यानेच रेखाटलं, आणि ते 1962 मध्ये खुलं झालं. दोन्ही टोकांना उंच आणि मधे खोलगट अशी ती रचना मुलांनी वहीत काढली.

बोटी बंद पडल्या तर हे लक्षात ठेवा, काही तिकिटं आदल्या दिवशी दुपारी तीनलाही खुली होतात. चारपाच मुलं नंतर घरच्यांबरोबर जाऊन आली. त्यातल्या दोघांचे आईवडील जन्मापासून या बेटावर आणि तिथे पहिल्यांदाच गेले.

दुपारी मिसुरी युद्धनौका. ती फोर्ड आयलंडवर आहे, तळ लष्करी असल्यामुळे अभ्यागत केंद्रातून शटलने जायचं, आणि तिचं तिकीट फुकट नाही; रहिवाशांना सवलत मिळते, आधी विचारा. 2 सप्टेंबर 1945 ला टोकियोच्या उपसागरात याच डेकवर शरणागतीवर सह्या झाल्या. पण मुलं रेंगाळली ती उजव्या बाजूला, जहाजाच्या कडेला पडलेल्या पोच्यापाशी. 11 एप्रिल 1945 ला ओकिनावाजवळ एक कामिकाझे, म्हणजे आत्मघाती, विमान तिथे आदळलं. वैमानिकाचा मृतदेह डेकवर सापडला आणि कप्तान कॅलहननी त्याला दुसऱ्या दिवशी लष्करी इतमामाने जलसमाधी दिली. खलाशांपैकी काहींना ते अजिबात पटलं नव्हतं. ‘तुम्ही कप्तान असता तर’ हा प्रश्न मी विचारला नाही, तो मुलांनीच एकमेकांना विचारला.

शेवटचा आठवडा सगळ्यात जड. मार्च 1945 चं टोकियो, बाँबहल्ल्याच्या एका रात्रीत एक लाखाच्या आसपास माणसं मेली. ओकिनावा, एप्रिल ते जून, दर चार रहिवाशांत एक मेला. मग हिरोशिमा, नागासाकी. पेन ड्राइव्हमधल्या योजनेत इथे वादविवाद होता: बाँब टाकणं योग्य की अयोग्य, दोन गट करा, शेवटी हात वर. तो मी काढून टाकला. हात वर करून मोजायची ही गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे; जिंकण्याच्या नादात मुलं मृतांचे आकडे भाल्यासारखे फेकतात. त्याऐवजी चौघाचौघांच्या गटांना 1945 च्या उन्हाळ्यातली वेगवेगळी माणसं दिली: ट्रूमनचे सल्लागार, ओकिनावाहून जपानवर स्वारीला निघणारा सैनिक, हिरोशिमातली शाळकरी मुलगी, मनिलातून जीव वाचवून आलेलं कुटुंब. त्या माणसाला त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय नव्हतं, एवढंच लिहायचं. नाटक करायचं नाही. एका मुलाच्या पालकांनी छायाचित्रांच्या तासाला त्याला वगळायला सांगितलं होतं. तो ग्रंथालयात बसून तेच लेखन करत होता, त्यामुळे त्याचं काही बुडालं नाही. पर्यायी काम त्याच विषयाचं ठेवा, नाहीतर मूल एकटं पडतं.

अंतिम प्रकल्प डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. नातेवाइकांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा असेल तर त्यांचीही लेखी संमती लागते, ती आधीच द्या. सगळ्यात जास्त हशा पिकला तो डुकरांच्या प्रकल्पाला. युद्धात ओकिनावातली डुकरं जवळपास संपली होती. हवाईतल्या ओकिनावी लोकांनी पैसे गोळा केले, आणि 1948 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून 550 डुकरं जहाजाने तिकडे पाठवली. सोबत सात जण, वादळात डुकरं सांभाळत. ज्या मुलीने हे सादर केलं तिला मी विचारलं, हे कुठे सापडलं? म्हणाली, “आजीला सगळं माहीत होतं, आतापर्यंत कुणी विचारलंच नाही.”

गुण देताना मात्र डोकं पिकलं. कुणाच्या घरी पिशवीभर कागद, कुणाच्या घरी पुरून टाकलेलं सगळं. मग घरच्या सामग्रीला गुण न देता विचारलेल्या प्रश्नांना दिले. नव्याने शिकवणाऱ्यांनी गुणांचा तक्ता गृहपाठाच्या आधीच मुलांच्या हातात द्यावा.

पुढच्या वर्षी एक बदल करणार आहे. जपानी-अमेरिकनांना डांबलेली होनोउलिउलीची छावणी याच बेटावर होती, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पण सर्वांसाठी नेहमी खुली नसते. होनोलुलूतल्या जपानी सांस्कृतिक केंद्रात मात्र तिच्यावर कायमचं प्रदर्शन आहे आणि तिथे शहराच्या साध्या बसने जाता येतं. ती भेट पर्ल हार्बरच्या आधी ठेवेन. मोठ्या बसचे अर्ज यावेळी ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात भरायचे आहेत, आणि वाऱ्यासाठी एक राखीव तारीख आधीच मागून ठेवायची.